गुडघ्यावर बोटभर जेल

औषधाच्या दुकानात गुडघ्यासाठी जेल मागितलं की बहुधा ३० ग्रॅमची ट्यूब हातात पडते, आणि घरोघर ती महिनाभर पुरते. दोन्ही गुडघ्यांना पुरते, शिवाय अधूनमधून कंबरेलाही. १ टक्का डायक्लोफेनॅकच्या जेलला अमेरिकेत २००७ साली गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिससाठी, म्हणजे आपण ज्याला झीज म्हणतो त्यासाठी, परवानगी मिळाली. त्या वेळी ठरलेली मात्रा एका गुडघ्याला एका वेळी ४ ग्रॅम आणि दिवसातून ४ वेळा अशी आहे. दिवसाचे झाले १६ ग्रॅम. या हिशेबानं ३० ग्रॅमची ट्यूब एका गुडघ्याला दोन दिवससुद्धा पुरत नाही, आणि आपण ती दोन गुडघ्यांवर महिनाभर चालवतो. म्हणजे दर गुडघ्याला दिवसाकाठी अर्धा ग्रॅम, नेमलेल्या मात्रेचा बत्तिसावा हिस्सा. ‘लावून पाहिलं, काही उपयोग नाही’ हे आपल्याकडचं सार्वत्रिक मत या बत्तिसाव्या हिश्शाबद्दलचं आहे. त्वचेवर लावायची औषधं बनवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. तरी हा साधा भागाकार आमच्या बैठकांमध्ये क्वचितच कोणी मांडला. तिथे चर्चा असायची ती औषध त्वचेतून आणखी कसं ढकलायचं याची. आता मागे वळून पाहताना वाटतं की त्या चर्चेची दिशाच चुकलेली होती. गुडघ्यावर लावायच्या औषधाचं खरं मोल ते सांध्यात किती पोचतं यात कमी आहे आणि उरलेल्या शरीरात किती पोचत नाही यात जास्त आहे. हे एकदा मान्य केलं की बरेच प्रश्न वेगळे दिसू लागतात.

आधी त्वचेची बाजू ऐकून घेतली पाहिजे. औषध आत घेण्यासाठी त्वचा घडलेलीच नाही. बाहेरचं बाहेर आणि आतलं पाणी आत ठेवणं हे तिचं काम. तिचा सर्वांत वरचा थर जेमतेम १० ते २० मायक्रॉन जाडीचा, केसाहूनही बारीक. पण सगळा पहारा तोच करतो. सपाट, मेलेल्या पेशींच्या विटा आणि त्यांच्या सांध्यांत सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लांचा चुना, अशी त्याची बांधणी आहे. औषधाला वाट काढायची ती या चुन्यातून, विटांना वळसे घालत. ज्याचा रेणू ५०० डाल्टनपेक्षा मोठा, त्यानं या वाटेचा नाद सोडावा, असा ढोबळ नियम २००० साली मांडला गेला आणि तो बऱ्यापैकी टिकला आहे. डायक्लोफेनॅक २९६ डाल्टनचं आहे, केटोप्रोफेन त्याहून थोडं हलकं. ही दोन्ही मेदात विरघळतात. म्हणून ती जातात. ‘कूर्चा भरून काढणाऱ्या’ क्रीमच्या डबीवर नावं असतात ती कोलॅजेनची, हायलुरॉनिक आम्लाची, कॉन्ड्रॉयटिनची. कोलॅजेनचा रेणू तीन लाख डाल्टनच्या घरातला, हायलुरॉनिक आम्लाचा तर काही लाखांपासून काही दशलक्षांपर्यंत. ग्लुकोसामाइन लहान आहे, १७९ डाल्टनचं, पण ते पाण्याचं प्रेमी. चुन्याच्या मेदाळ वाटेत ते शिरायलाच तयार नसतं. असल्या क्रीमनं त्वचा मऊ होते, एवढं मी खात्रीनं सांगू शकतो.

जी औषधं जातात त्यांनाही वाटेला लावावं लागतं, आणि आमच्या धंद्याची सगळी कारागिरी तिथेच. डायक्लोफेनॅक हे सौम्य आम्ल. आम्लधर्मी जेलमध्ये ते त्वचेत जायला राजी असतं पण विरघळून राहत नाही, खाली बसतं. उदासीन जेलमध्ये छान विरघळतं पण भारित झाल्यामुळे त्वचेपाशी अडखळतं. या ओढाताणीतून मार्ग म्हणून डायएथिलअमाइनसारखे क्षार आले, प्रोपिलीन ग्लायकॉल आलं, आयसोप्रोपिल अल्कोहोल आलं. लावल्यावर अल्कोहोल उडून जातं, मागे उरलेल्या पातळ थरात औषध घट्ट होतं आणि त्या दाटीमुळेच आत सरकतं. अल्कोहोल जास्त झालं किंवा औषध जास्त कोंबलं तर त्वचेवर पांढरी भुकटी उरते; ती दिसली की ओळखावं, तेवढं औषध वाया गेलं. एका द्रावणात जवळजवळ निम्मा वाटा डायमिथाइल सल्फॉक्साइडचा असतो. ते औषधाला हमखास आत नेतं, पण त्वचा कोरडी पाडतं आणि काहींच्या तोंडाला लसणाचा वास आणतं. हे सगळं मोजायला फ्रान्झ यांनी १९७५ साली वर्णन केलेला काचेचा सेल वापरतात. वरच्या कप्प्यात जेल, मध्ये डुकराच्या कानाची किंवा शवाची कातडी, खाली कोमट द्रावण. तासातासाला खालचं द्रावण काढायचं आणि किती औषध उतरलं ते पाहायचं. जास्त उतरलं की सूत्र चांगलं. पण या काचेत रक्तवाहिन्या नाहीत आणि सांधाही नाही. जे खाली उतरलं ते माणसात गुडघ्याकडे गेलं असतं की रक्तातून वाहून गेलं असतं, हे तो सेल सांगूच शकत नाही. हे ठाऊक असूनही वर्षानुवर्षं त्याच्याच आलेखांवर सूत्रं निवडली जातात, कारण हाताशी दुसरं स्वस्त मोजमाप नाही.

या सवयीचं मूळ मला त्वचेवरच्या पट्ट्यांच्या यशात दिसतं. १९७९ साली अमेरिकेत प्रवासातल्या मळमळीवरची स्कोपोलामाइनची पट्टी मंजूर झाली, मग हृदयविकारासाठी नायट्रोग्लिसरिनची, नंतर फेंटानिल आणि निकोटीनची. या सर्वांना औषध रक्तात पोचवायचं होतं. त्वचा हा रक्ताकडे जाणारा मागचा दरवाजा होता. जितकं जास्त आणि जितकं एकसारखं जाईल तितकं उत्तम. गुडघ्याचं गणित याच्या बरोबर उलटं. इथे औषधानं दाराशीच मुक्काम करावा, रक्तात शक्यतो शिरूच नये. उद्दिष्ट उलटलं तरी मोजपट्टी मात्र आम्ही तीच ठेवली.

इथे पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप येतो. औषध दाराशी थांबतं हे तरी खरं का? त्वचेखाली केशवाहिन्यांचं दाट जाळं आहे आणि आत शिरलेलं बरंचसं औषध ते लगेच धुऊन नेतं. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात, दोन्ही गुडघ्यांत पाणी झालेल्या रुग्णांच्या एका गुडघ्यावर डायक्लोफेनॅकचं जेल लावलं आणि दुसऱ्यावर औषध नसलेलं. दोन्ही गुडघ्यांतल्या पाण्यात औषध जवळपास सारखंच सापडलं. म्हणजे सांध्यातल्या पाण्यात जे पोचलं ते मुख्यतः रक्तातून फिरून. आमच्या लोकांना हा अभ्यास आवडत नाही, आणि म्हणूनच तो सांगायला हवा. उलट बाजूला १९९९ मधला शंभर रुग्णांवरचा अभ्यास आहे: गुडघ्याच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेआधी काहींना केटोप्रोफेनची पट्टी लावली, काहींना गोळी दिली. पट्टी लावलेल्यांच्या रक्तात औषध नगण्य होतं, पण गुडघ्यातल्या कूर्चेत आणि गादीत ते भरपूर मिळालं. दोन्ही निष्कर्ष एकत्र ठेवले तर मला एवढंच म्हणता येतं की सांध्याचं पाणी ही मोजायची चुकीची जागा असावी. कूर्चेला मुळात संवेदना नसते. तिच्यात नसाही नाहीत आणि रक्तवाहिन्याही नाहीत. दुखतं ते सांध्याचं अस्तर, त्याभोवतीचं कवच, वाटीखालची मेदाची गादी, हाडाचा कूर्चेलगतचा भाग. यांतलं हाड सोडलं तर बाकी बरंच काही गुडघ्यात त्वचेपासून फार खोल नाही. खुब्याचं तसं नाही. तो स्नायूंच्या जाड थराखाली दडलेला असतो, आणि खुब्यावर जेल लावायला कोणतंही शहाणं मार्गदर्शन सांगत नाही.

आता ज्या आकड्यासाठी मी हा सगळा पसारा मांडला, तो. एका गुडघ्याला दिवसाला पूर्ण १६ ग्रॅम जेल लावलं तरी शरीराला डायक्लोफेनॅकचा जो एकूण संपर्क होतो तो गोळ्यांच्या नेहमीच्या मात्रेच्या सुमारे ६ टक्के असतो. दोन्ही गुडघे आणि दोन्ही हात मिळून दिवसाला ४८ ग्रॅम चोपडलं तर तो २० टक्क्यांच्या आसपास जातो. प्रयोगशाळेत हा ६ टक्क्यांचा आकडा अपयश म्हणून वाचला जायचा: बघा, ९४ टक्के गमावलं. मी तो उलटा वाचतो. गुडघेदुखीची बरीचशी माणसं साठीच्या पुढची, आणि या वयात रक्तदाब, मधुमेह, मूत्रपिंडाची कुरबुर यांपैकी काही ना काही सोबत असतंच. वेदनाशामक गोळी त्यांच्या जठरात व्रण करते, रक्तदाब वाढवते, मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटवते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांबरोबर तर हा धोका आणखी वाढतो. याच वर्गातलं रोफेकॉक्सिब हे औषध २००४ च्या सप्टेंबरमध्ये हृदयविकाराच्या धोक्यामुळे बाजारातून काढून घ्यावं लागलं, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेनं या वर्गातल्या बाकी औषधांवरही कडक इशारा छापायला लावला. आपल्याकडे तरीही वेदनाशामक गोळी चिठ्ठीविना, पाव-अर्धी पट्टी कापून, सहज मिळते आणि महिनोन् महिने घेतली जाते. अशा माणसाच्या पोटात, मूत्रपिंडात, हृदयात जे ९४ टक्के गेलं नाही, ती त्याची कमाई आहे.

यावर कोणी म्हणेल, न गेलेल्या औषधाचं कौतुक पुरे, दुखणं थांबतं का ते सांगा. बरोबर आहे. २००४ साली ६२२ रुग्णांवर डायक्लोफेनॅकचं द्रावण आणि डायक्लोफेनॅकची गोळी यांची बारा आठवडे थेट तुलना झाली. वेदना आणि हालचाल यांत दोन्ही जवळजवळ बरोबरीत राहिली. पोटाच्या तक्रारी गोळीवाल्यांत जास्त होत्या आणि त्वचा कोरडी पडल्याच्या द्रावणवाल्यांत. ब्रिटनमध्ये पन्नाशी ओलांडलेल्या गुडघेदुखीच्या रुग्णांना आयबुप्रोफेन लावायचा किंवा पोटात घ्यायचा सल्ला दिला आणि वर्षभरानं पाहिलं; २००८ साली प्रसिद्ध झालेला तो निकालही तसाच होता. अशा पुराव्याच्या आधारे २०१९ मध्ये अमेरिकन संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं गुडघ्यासाठी लावायच्या वेदनाशामकाची ठाम शिफारस केली, आणि २०२२ च्या ब्रिटिश मार्गदर्शनात ते गोळीच्या आधी आलं. पॅरासिटामॉल नेहमी देऊ नये असंही तिथेच म्हटलं आहे, जे आपल्याकडे अजून फारसं कानावर आलेलं नाही.

पण दुसरा आक्षेप इतका सहज मिटत नाही. लावायच्या औषधाच्या चाचण्यांत औषध नसलेलं जेलही भलतंच काम करतं. २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यात सहा ते बारा आठवडे डायक्लोफेनॅक लावणाऱ्या शंभरांतल्या सुमारे साठ जणांना चांगला आराम पडला, आणि नुसतं जेल लावणाऱ्यांतल्या पन्नासांना. म्हणजे औषधाची स्वतःची कमाई शंभरात दहा. याहून बोलका प्रसंग केटोप्रोफेनचा. म्युनिकच्या एका कंपनीनं लवचीक मेदपिशव्या तयार केल्या होत्या, ज्या त्वचेच्या फटींतून आकार बदलत आत शिरतात आणि औषध खोल, सांध्याच्या आसपास नेऊन सोडतात, असा दावा होता. जास्त खोल नेण्याच्या आमच्या स्वप्नाचं हे सर्वांत देखणं रूप. सुमारे १,४०० रुग्णांवर चाचणी झाली: केटोप्रोफेन भरलेल्या पिशव्या, रिकाम्या पिशव्या, सेलेकॉक्सिबची गोळी आणि खोटी गोळी. २०१३ साली निकाल छापून आला. केटोप्रोफेन भरलेलं जेल सेलेकॉक्सिबच्या बरोबरीनं उतरलं. रिकाम्या पिशव्यांचं जेलही तसंच उतरलं. पुढे ते रिकामं जेलच औषधविरहित उपाय म्हणून विकायला आलं, आणि त्यातले फॉस्फोलिपिड सांध्याला वंगण पुरवतात असं स्पष्टीकरण पुढे आलं. मला ते पटत नाही. २०१५ च्या एका मोठ्या विश्लेषणानं दाखवलं आहे की गुडघ्याच्या झिजेत खोट्या गोळीपेक्षा खोटं मलम आणि खोटं इंजेक्शन जास्त आराम देतात. रोज दोनदा स्वतःच्या गुडघ्याकडे लक्ष देणं, तो हातानं चोळणं, त्यातून काही होईल अशी आशा ठेवणं, यांतही वेदना कमी करण्याची ताकद आहे. तेव्हा लावायच्या जेलची तुलना खोट्या गोळीशी करणं न्यायाचं नाही. या प्रसंगातून मी घेतलेला अर्थ मात्र वेगळा आहे: औषध आणखी खोल नेलं तर आराम आणखी पडेल, हे गृहीतक एवढ्या मोठ्या चाचणीत उभं राहू शकलं नाही.

तरी त्या गृहीतकावर अजून कारखाने चालतात. आपल्या राज्यातल्या कोणत्याही फार्मसी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एम.फार्म.चे प्रबंध उघडून पाहावेत. नॅनोइमल्शन जेल, एथोसोम, ट्रान्सफरसोम, निओसोम, सगळी औषध आत नेणारी वाहनं. आत डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक नाहीतर केटोप्रोफेन. शेवटच्या प्रकरणात उंदराच्या पंजात कॅराजीनन टोचून सूज आणलेली आणि काही तासांत ती किती उतरली याचा तक्ता. उंदराची त्वचा माणसाच्या त्वचेपेक्षा कितीतरी सहज औषध सोडते, आणि काही तासांची सूज म्हणजे वीस वर्षं झिजत आलेला गुडघा नव्हे. विद्यार्थ्यांना मी दोष देत नाही. त्यांना हातात असलेल्या साधनांनी दोन वर्षांत काहीतरी उभं करायचं असतं. पण त्याच मेहनतीतून कोणी मात्रा मोजून देणारी ट्यूब, किंवा दिवसातून चारऐवजी दोनदाच लावून भागेल असं साधं सूत्र काढलं, तर त्याचा उपयोग मला जास्त वाटतो. २ टक्क्यांचं दिवसातून दोनदा लावायचं द्रावण अमेरिकेत २०१४ पासून आहे, आणि त्यात कुठलीही नॅनो जादू नाही.

आपल्याकडच्या ट्यूबचं आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे मिश्रण. १.१६ टक्के डायक्लोफेनॅक डायएथिलअमाइन (हे १ टक्का सोडियम क्षाराइतकंच), १० टक्के मिथाइल सॅलिसिलेट म्हणजे गंधपुऱ्याच्या तेलातला मुख्य घटक, ५ टक्के मेंथॉल आणि ३ टक्के जवसाचं तेल. ठरून गेल्यासारखे हे आकडे ट्यूबमागून ट्यूब दिसतात. लावताच गार वाटतं, मग ऊब येते, आणि ‘लागू पडलं’ अशी खात्री होते. मेंथॉल थंडी ओळखणाऱ्या नसांना फसवून गारवा देतं, सॅलिसिलेट त्वचेला चेतवतं. मेंदूकडे जाणाऱ्या दुखऱ्या संदेशांत त्यामुळे घटकाभर दुसरा गलबला मिसळतो. हा आराम खरा आहे, फक्त तो लवकर विरतो आणि त्याच्या भरात मूळ औषधाची मात्रा कमीच राहते, कारण इतकं झणझणीत मलम ४ ग्रॅम घेऊन चोळवत नाही. त्यावर पुन्हा गरम पाण्याच्या पिशवीचा शेक घ्यायची किंवा एरंडाचं पान तापवून बांधायची आपली सवय. उष्णतेनं आणि झाकल्यानं त्वचेतून जाणं वाढतं हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं; जानुबस्तीत उडदाच्या पिठाचं कडं करून कोमट तेल गुडघ्यावर धरतात ते त्याच समजुतीनं. तिळाच्या तेलाला ते चालतं. डायक्लोफेनॅकवर शेक किंवा घट्ट पट्टी नको, आणि मेंथॉल-सॅलिसिलेटवर तर मुळीच नको. अशा मलमांनी त्वचा भाजल्याच्या घटनांवरून अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१२ मध्ये जाहीर इशारा दिला होता. मिरचीतल्या कॅप्सेसिनचं काम थोडं निराळं. आग जाणवून देणाऱ्या नसांना ते आधी पेटवतं आणि रोज लावत राहिलं तर काही आठवड्यांत थकवतं. नसांवरच्या ज्या रिसेप्टरवर ते काम करतं तो ओळखल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं, पण क्रीम लावणाऱ्याला पहिले आठवडे आगच भोगावी लागते. त्यामुळे बहुतेक जण नेमकं त्याआधीच सोडून देतात.

शेवटचा आक्षेप खर्चाचा, आणि तो मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. एका गुडघ्याला दिवसाला १६ ग्रॅम म्हणजे महिन्याला ३० ग्रॅमच्या सोळा ट्यूब. हे कोणाला परवडणार? बहुतेकांना नाही. म्हणून नेमलेली पूर्ण मात्रा कायमची लावा असं मी म्हणत नाही. दुखणं भडकलेल्या काळात, मोठी आणि मिश्रण नसलेली ट्यूब घेऊन, ती पुरेशी लावून पाहावी. लावल्यावर तासभर तरी तिथे पाणी घालू नये आणि हात धुवावेत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा मूत्रपिंड अधू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये, कारण ६ टक्के म्हणजे शून्य नव्हे. जेलनं झीज भरून येत नाही. ती गोळीनंही येत नाही. दुखणं थोडं उतरलं की मांडीच्या स्नायूंचा व्यायाम करता येतो, आणि गुडघ्याचं पुढचं भवितव्य बरंचसं त्या व्यायामावर आणि वजनावर ठरतं. आराम पडायला आठवडाभर लागू शकतो. अमेरिकेत २०२० पासून चिठ्ठीविना मिळणाऱ्या जेलवर, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय २१ दिवसांपेक्षा जास्त वापरू नका असं छापलेलं असतं, आणि ती मुदत मला वाजवी वाटते. तेवढे दिवस पुरेसं लावूनही फरक पडला नाही तर आपण शंभरातल्या त्या दहांपैकी नाही असं समजावं आणि थांबावं. दुकानातून दुसऱ्या नावाची ट्यूब आणू नये. तिच्या पाठीमागे बारीक अक्षरात बहुधा तेच डायक्लोफेनॅक लिहिलेलं असतं.